फोटोमागे लिहिलेलं ‘पोर्तुगीज चर्च’ नेमकं कोणतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळला आहे का ते तुम्हाला तपासता येईल. आजीच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. मागे शिसपेन्सिलीनं ‘मुंबई, पोर्तुगीज चर्चजवळ’ एवढंच लिहिलेलं. फोटोत ट्रामच्या रुळांच्या दोन जोड्या, वर तारा, समोरून येणारी दोन मजली ट्राम, एक व्हिक्टोरिया (घोडागाडी), दोन्ही बाजूंना लाकडी गॅलऱ्यांच्या चाळी. उजवीकडे विजेच्या खांबामागे अर्धी झाकलेली दुकानाची पाटी आणि तिच्या टोकाला ‘मुंबई ४’. चर्च कुठेच दिसत नाही. आजोबा लग्नानंतर दादरला राहायचे, म्हणून घरात सगळे हा दादरचा फोटो मानतात. तुम्ही गोखले रोडवर चर्चपाशी जाऊन आलात आणि तिथे काहीच जुळलं नाही.

तुम्ही विचारलंत, ‘हा रस्ता कोणता?’ गेली बावीस वर्षं मी जुन्या फोटोंच्या नोंदी करते आहे आणि हा प्रश्न मी नेहमी थोडा बदलून घेते: फोटो काढणारा माणूस कुठे उभा होता, कोणत्या दिशेला बघत होता आणि साधारण कधी? रस्त्याचं नाव अंदाजानं सांगता येतं आणि ते अंदाजानंच चुकतंही. उभं राहण्याची जागा शोधायला लागलं की चुकीचा अंदाज फार काळ टिकत नाही, कारण मग चित्रातली प्रत्येक गोष्ट त्या एका जागेवरून तशीच दिसायला हवी.

पहिली अडचण मागच्या ओळीतच आहे. मुंबईत ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून लोक दोन ठिकाणं ओळखतात. एक दादरचं, गोखले रोडवरचं. दुसरं गिरगावातलं, प्रार्थना समाजाजवळचं सेंट तेरेसा चर्च. दादरचं चर्च आज आपण बघतो ती इमारत चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार सत्तरच्या दशकात नव्यानं बांधलेली आहे, त्यामुळे ट्रामच्या काळातल्या फोटोशी तिची तुलना करून काही हाती लागलं नसतंच. आणि गोखले रोडवर ट्रामचे रूळ मला एकाही नकाशात किंवा फोटोत आजवर दिसलेले नाहीत. दादरची ट्राम पूर्वेला यायची. ‘दादर टीटी’ हे नाव आजही तोंडात आहे, त्यातलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. गिरगाव रस्त्यावर मात्र रूळ होते. ‘पोर्तुगीज चर्च’ आणि ‘ट्राम’ या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर पारडं गिरगावकडे झुकतं.

पण इथेच थांबायचं नाही. मागे लिहिलेली ओळ हा पुरावा आहे, पण कच्चा. ती कुणी लिहिली, फोटो काढला तेव्हा लिहिली की वीस वर्षांनी अल्बम लावताना, हे आपल्याला ठाऊक नाही. शिवाय ‘जवळ’ हा शब्द घरातल्या माणसांसाठी लिहिलेला असतो, त्यात दहा पावलंही येतात आणि पंधरा मिनिटांची चालही.

आता पाटीकडे. ‘मुंबई ४’ हा टपालाचा विभाग आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला, त्याआधी मोठ्या शहरांत असे छोटे विभागक्रमांक चालत. पिनकोड आला तेव्हा मुंबईचे जुने आकडे त्याच्या शेवटी तसेच राहिले. गिरगाव ४, म्हणून ४००००४. काळबादेवी २, ग्रँट रोड ७, दादर १४. चाळीसच्या आणि पन्नासच्या दशकांतली मराठी पुस्तकं उघडलीत तर प्रकाशकाच्या पत्त्यात हे आकडे भेटतात, त्यामुळे कोणता आकडा कोणत्या वस्तीचा हे पडताळायला जुन्या पुस्तकांचं कपाट पुरतं.

तुम्ही ‘मुंबई ४’ वाचलंत म्हणून गिरगाव पक्कं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण खांब नेमका त्या ४ च्या डाव्या अंगाला आहे. त्यामागे १ लपला असेल तर पाटी ‘मुंबई १४’ होते, म्हणजे दादर, आणि दादरला पूर्वेकडे ट्राम होतीच. तुमच्या घरच्यांचा समज असा एका काठीच्या आड अजून जिवंत आहे. म्हणून हा आकडा मी आत्ता निम्माच पुरावा धरते.

तो पूर्ण करता येईल. पाट्या रंगवणारे कारागीर ओळी मोजून मधोमध बसवत. वरच्या ओळीतलं दुकानाचं नाव आणि खालची पत्त्याची ओळ यांचे मध्यबिंदू काढा. ‘मुंबई ४’ धरून खालची ओळ मधोमध बसते की ‘मुंबई १४’ धरून, ते पट्टीनं मोजता येतं. ‘मुंबई’ आणि ‘४’ यांच्यात खांबाच्या जाडीपलीकडे किती जागा उरते तेही पाहा. त्यासाठी मूळ फोटो पुन्हा स्कॅन करावा लागेल. तुम्ही टाकलेली प्रत मोबाइलनं काढलेली आहे आणि कुठल्यातरी ॲपनं ‘स्पष्ट’ केलेली दिसते. तसं करू नका, ही कळकळीची विनंती. ती ॲप्स पुसट अक्षरं वाचत नाहीत, शक्य वाटतील ती अक्षरं नव्यानं काढतात. मूळ फोटो १२०० डीपीआयला, रंगीत स्कॅनमध्ये, चारही कडा दिसतील असा आणि पाठीमागची बाजूही घ्या. काळापांढरा फोटोसुद्धा रंगीतच स्कॅन करायचा, कारण डाग आणि शाई यांतला फरक रंगात कळतो. पेन्सिलीच्या ओळीवर कापूस किंवा खोडरबर फिरवू नका.

फोटो उलटा छापला गेला आहे का, हेही एकदा बघायचं. एका प्रदर्शनासाठी आलेल्या काचेच्या स्लाइडवर मी पूर्वी दोन महिने घालवले होते. काळबादेवीतलं एक वळण मी डावीकडे शोधत होते आणि ते उजवीकडे होतं. त्या स्लाइडमध्ये एकही अक्षर वाचता येत नव्हतं. तेव्हापासून मी सुरुवातच इथून करते. तुमच्या फोटोत मराठी पाटी सरळ वाचता येते, म्हणजे प्रश्न मिटला. पाटी नसती तर ट्रामकडे बघितलं असतं. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून समोरून येणारी ट्राम चित्रात उजव्या रुळावर दिसायला हवी. तुमच्या फोटोत ती तशीच आहे.

काळाबद्दल फार लांबण लावत नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ रोजी. दोन मजली ट्राम १९२० पासून. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, पण त्याआधीच एकेक मार्ग बंद होत गेले होते. म्हणून गिरगाव असेल तर फोटो १९६४ च्या बराच आधीचा धरावा लागेल. पाटीवरचा विभागक्रमांक त्याला चाळीसच्या दशकात किंवा पुढे ढकलतो. रस्त्यावर एखादी अँबॅसिडर सापडली तर १९५७ च्या पुढे जाता येईल, पण मला तुमच्या प्रतीत दोनच मोटारी दिसतात आणि दोन्ही त्याहून जुन्या ठेवणीच्या आहेत. धोतर, काळी टोपी, कोट यांवरून काळ ठरवायच्या फंदात मी पडत नाही. आपल्याकडे वडिलांचा कोट मुलगा आणखी दहा वर्षं घालायचा.

इमारतींवर मात्र थांबायला हवं, कारण जागा शेवटी त्यांच्यावरूनच पटते. चाळीचा रंग, दुकानाची पाटी, झाडं, कठड्यावरचे वाळत घातलेले कपडे हे सगळं बदलतं. बदलत नाही किंवा फार उशिरा बदलतं ते म्हणजे रस्त्याचं वळण, त्याचा चढउतार, गल्लीचं तोंड, मजल्यांची उंची, खिडक्यांची संख्या आणि त्यांमधली अंतरं. मी एक साधं काम करते: प्रत्येक इमारतीच्या खिडक्या आणि खांब मोजून कागदावर लिहिते. ‘तीन खिडक्या, गॅलरी, दोन खिडक्या, मग गल्ली.’ ही ओळ म्हणजे त्या रस्त्याचा अंगठा. तुमच्या फोटोत डावीकडून तिसऱ्या इमारतीनंतर एक अंधारी फट आहे. ती मला वाडीचं तोंड वाटते. गिरगाव रस्त्याला अशा वाड्यांची तोंडं जागोजाग आहेत. दोन इमारतींमधून बोळ आत जातो आणि आत वेगळंच गाव असतं. इमारती एकमेकींना भिडलेल्या आहेत, गॅलऱ्या लाकडी आणि त्यांखाली बिडाचे नक्षीदार ब्रॅकेट दिसतात. दादर पूर्वेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं, म्हणजे शहरसुधारणेसाठी नेमलेल्या सरकारी संस्थेनं, प्लॉट पाडून जी वस्ती वसवली, तिथे घरं बहुतेक सुटी, भोवती जागा सोडून बांधलेली. चाळी दादरलाही होत्या, म्हणून यावरून दादर बाद करता येत नाही, पण माझं मन आणखी थोडं गिरगावकडे जातं.

यातल्या किती इमारती आज उभ्या आहेत यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मेट्रो ३ च्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीत काही इमारती गेल्या, पुनर्विकासात आणखी गेल्या. तरी एक सोय मुंबईत आहे. जुन्या शहरातल्या भाड्याच्या इमारतींना दुरुस्ती उपकर लागतो आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अशा उपकरप्राप्त इमारतींच्या याद्या असतात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, तिथून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात, त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात. गिरगाव रस्त्यावरची, म्हणजे आजच्या जगन्नाथ शंकरशेट मार्गावरची, ‘अ’ वर्गाची घरं यादीतून वेगळी काढलीत तर फोटोतली घरं असण्याची शक्यता असलेला गट लहान होतो. जुन्या पत्त्यात हा रस्ता ‘गिरगाव रोड’ असेल, सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. दोन्ही नावांनी शोधा.

दोन उभ्या इमारती जरी सापडल्या तरी जागा जवळजवळ पक्की करता येते. फोटोत अशी जोडी शोधा की जवळच्या घराची कड आणि दूरच्या घराचा एखादा ठळक भाग, समजा गच्चीवरचं त्रिकोणी शिखर, बरोबर एकावर एक येतात. नकाशावर त्या दोन बिंदूंतून रेषा काढा आणि ती आपल्या बाजूला वाढवा. कॅमेरा त्या रेषेवर कुठेतरी होता. अशी दुसरी जोडी मिळाली की दुसरी रेषा निघते आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे फोटो काढणारा उभा होता. प्रत्यक्ष जागेवर गेलात की याची गंमत कळते. हातभर डावीकडे सरकलं की दूरचं शिखर जवळच्या कडेमागे दडतं, उजवीकडे सरकलं की भलतंच बाहेर येतं. रविवारी सकाळी लवकर जा, रस्ता रिकामा असतो आणि मान वर करून उभं राहता येतं. अंतरांचा अंदाज हवा असेल तर रूळ हीच मोजपट्टी आहे. मुंबईच्या ट्रामच्या दोन रुळांमधलं अंतर ४ फूट ८½ इंच होतं, त्यावरून रस्त्याची रुंदी काढता येते.

दिशेसाठी सावल्या. तुमच्या फोटोत खांबाची सावली डावीकडे आणि लांब पडली आहे. गिरगाव रस्ता ढोबळमानानं दक्षिणोत्तर जातो असं धरू. कॅमेरा उत्तरेला बघत असेल तर डावी बाजू पश्चिम, म्हणजे सूर्य पूर्वेला, म्हणजे सकाळ. दक्षिणेला बघत असेल तर दुपार कलल्यानंतरची वेळ. सावली एकटी यातलं काही ठरवत नाही, तिला घड्याळ लागतं. ते घड्याळ रस्त्यावरच असतं: दुकानांच्या फळ्या लावलेल्या आहेत की काढलेल्या, दप्तर घेतलेली मुलं आहेत का. तुमच्या फोटोत निम्म्या दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्या दिसतात. मला ती सकाळ वाटते आणि म्हणून कॅमेरा उत्तरेकडे, प्रार्थना समाजाच्या अंगाला बघतो आहे असं वाटतं. मात्र तो रविवार किंवा सणाचा दिवस असेल तर हा तर्क कोसळतो, हे ध्यानात ठेवा.

आतापर्यंतचा हिशेब असा: ‘पोर्तुगीज चर्च’ आणि ट्राम मिळून गिरगाव, भिडलेल्या चाळी आणि वाडीचं तोंड गिरगावाला पूरक, पाटीवरचा आकडा मोजणीनंतर एका बाजूला पडेल. काळ चाळीसच्या दशकापासून पन्नासच्या दशकाच्या आसपासपर्यंत. मला कुणी आज नोंद करायला सांगितली तर मी ‘बहुधा गिरगाव रस्ता, जागा अनिश्चित’ असं लिहीन, आणि ‘बहुधा’ हा शब्द कुणालाही खोडू देणार नाही. इंटरनेटवर एकदा चुकीचं नाव चिकटलं की ते पन्नास ठिकाणी जातं आणि पुढे तेच पुरावा म्हणून परत येतं.

जुन्या माणसांना दाखवणार असाल तर एक सांगते. ‘हे गिरगाव आहे ना?’ असं विचारलंत तर दहापैकी नऊ जण प्रेमानं ‘हो’ म्हणतील. मी नाव उच्चारतच नाही. फोटो हातात देते आणि विचारते, ‘ही ट्राम पुढे कुठे वळायची?’ किंवा ‘त्या बोळातून आत गेलं की काय लागायचं?’ ज्यांनी तो रस्ता पायांनी तुडवला आहे त्यांचा हात आपोआप हवेत वळतो. दोन वेगवेगळ्या माणसांचे हात एकाच दिशेला वळले की मी ते टिपून ठेवते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी एवढं लांबलचक लिहायला बसले. तुम्ही म्हटलंत की वरच्या डाव्या कोपऱ्यात काळी पट्टी आहे, फोटो तिथे खराब झाला असावा. मला तसं वाटत नाही. फोटोत जवळची आणि लांबची माणसं बघा. सपाट रस्त्यावर उभं राहून डोळ्याशी कॅमेरा धरला तर सगळ्यांची डोकी एकाच आडव्या रेषेवर येतात. जुना पेटीसारखा कॅमेरा पोटाशी धरून काढला तर ती रेषा सगळ्यांच्या कमरेतून जाते. तुमच्या फोटोत यातलं काहीच होत नाही. माणसं सगळी त्या रेषेच्या खाली आहेत आणि समोरच्या रांगेतल्या पहिल्या मजल्यांचे कठडे, जवळचे असोत की लांबचे, एका रेषेत आले आहेत. म्हणजे कॅमेरा पहिल्या मजल्याच्या उंचीवर होता. ती काळी पट्टी बहुधा फोटो काढणाऱ्याच्या डोक्यावरच्या गॅलरीच्या छपराची कड आहे, जवळ असल्यामुळे धूसर झालेली.

फोटो रस्त्यावरून जाता जाता काढलेला नाही. कुणाच्या तरी घरात जाऊन, गॅलरीत उभं राहून काढला आहे. तेव्हा कॅमेरा घरोघरी नव्हता आणि एकेका फोटोला पैसे पडत, तरी फोटोत घरचं कुणीही नाही, फक्त खालचा रस्ता आहे. ज्याला तो रस्ता रोज त्या गॅलरीतून दिसायचा, किंवा ज्याला तो सोडून जायचं होतं, असा कुणीतरी तो काढून घेईल.

हा फोटो आजोबांच्या कागदांत नाही, आजीच्या ट्रंकेत सापडला. तुम्ही सगळे आजोबांच्या पत्त्यावर शोधत आहात. घरातल्या सगळ्यांत वयस्क व्यक्तीला, जमलं तर आजीच्या माहेरच्या बाजूच्या कुणाला, फोटो न दाखवता आधी एवढंच विचारा: आजी लग्नाआधी कुठे राहायची, आणि त्यांची गॅलरी कोणत्या मजल्यावर होती? उत्तर आणि नवा स्कॅन मिळाला की इथेच टाका, पाटीची मोजणी मी करून देईन.